हिंजवडीची गर्दी आणि संगमेश्वरची वाडी: दोन्हीला पुरेल अशी एसयूव्ही कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडला राहता, रोज हिंजवडीला जाता. गाव संगमेश्वर तालुक्यात, तिथं आंबा-काजूची बाग. दर महिन्या-दीड महिन्याला गावी चक्कर होते, गणपती आणि शिमगा तर चुकतच नाही. डांबरी सोडल्यावर वाडीपर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, त्यात एक पऱ्या (पावसाळी ओढा) आणि लाल मातीचा एक खडा चढ. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. ऑन-रोड २५ लाखांपर्यंत तयारी आहे. यादीत जिमनी, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, हायरायडर आणि जुनी फॉर्च्युनर अशा पाच गाड्या आहेत. टिकाऊपणा, कच्च्या रस्त्यावरची ताकद आणि रोजचा आराम, तिन्ही एकाच गाडीत हवंय.

मी पुण्यात फोर-बाय-फोर गाड्यांचं गॅरेज चालवतो आणि अशी गाडी नव्यानं घेतलेल्यांना ती कच्च्या रस्त्यावर चालवायला शिकवतो. असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी गाड्यांची नावं बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी एवढंच विचारतो: जुलैत तुमच्या वाडीपर्यंत कोणतं वाहन पोचतं?

टमटम किंवा सहा आसनी रिक्षा बारा महिने पोचत असेल, तर तुम्हाला फोर-बाय-फोरची गरजच नाही. चांगला ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगले टायर असलेली कोणतीही एसयूव्ही चालेल, वाचलेले पैसे बागेत घाला. दूध किंवा सिलिंडर पोचवणारी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप येत असेल, पण भर पावसात चढावर अडकत असेल, तर निवड खरी अवघड होते, कारण गरज आहे पण अर्धवट आहे. आणि फक्त ट्रॅक्टरच जात असेल, तर लो गिअर (चढासाठीचा जादा हळू, जोरदार गिअर) असलेली खरी फोर-बाय-फोरच घ्यावी लागेल, तीही ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पोट टेकणार नाही इतकी उंच. तुम्ही लिहिलंय की पिकअप येते, पण जुलै-ऑगस्टमध्ये चढावर माणसं उतरवून, मागून ढकलून वर काढावी लागते. म्हणजे तुम्ही मधल्या गटात आहात. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहितो.

त्या चढावर नेमकं काय घडतं ते आधी बघू, कारण गाडीची निवड तिथंच ठरते. पिकअप आणि ट्रॅक्टर एकाच वाटेनं जाऊन जाऊन चढावर दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. पावसाचं पाणी त्यांतूनच धावतं आणि एक चाकोरी दुसरीपेक्षा जास्त खणत नेतं. वर चढताना गाडी तिरकी होते. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक हलकं होतं, कधी अधांतरी राहतं. डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच. आता साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच जोर मिळत नाही. म्हणून चारही चाकांना इंजिन जोडलेलं असूनसुद्धा गाडी दोन चाकं गरगर फिरवत जागच्या जागी उभी राहते. तिथं दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरन्शियल लॉक लागतो, नाहीतर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. ही यंत्रणा आजच्या बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत असते, पण तिला काम करायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. चाक फिरायला लागलं की नवखा माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी मागे घसरते. अॅक्सिलरेटर न हलवता तसाच हलका धरून ठेवला की टकटक असा ब्रेकचा आवाज येतो आणि गाडी हळूहळू पुढे सरकते. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

दुसरी गोष्ट लो गिअरची. फोर लो, म्हणजे चारही चाकांना लो गिअर, टाकल्यावर गाडी माणसाच्या चालीनं चढते, इंजिनचा जोर चाकांशी दुपटीनं किंवा त्याहूनही जास्त वाढतो, आणि क्लचवर ताण येत नाही. लो गिअर नसला की चालक एकच उपाय करतो: खालून वेग घेऊन गाडी वर फेकतो. कोरड्यात ते खपून जातं. ओल्या लाल मातीत, पाच माणसं आणि गणपतीचं सामान भरलेलं असताना, एका बाजूला उतार असताना, मला ते मान्य नाही. आईला बसवून तर नाहीच. उतरतानाही लो गिअरच कामाला येतो. पहिल्या गिअरमध्ये ब्रेकवरून पाय काढून गाडी इंजिनच्या ओढीवर सावकाश उतरते, चाकं लॉक होऊन घसरत नाहीत.

या कसोटीवर हायरायडर आणि तिची जुळी बहीण ग्रँड व्हिटारा पाहू. ऑल व्हील ड्राइव्ह प्रकारात या गाड्या फार समंजस आहेत. २१० मिमी क्लिअरन्स, मोनोकॉक (वेगळी चेसी नसलेली) बॉडी, चढायला-उतरायला सोप्या, हिंजवडीच्या गर्दीत हलक्या. कुंभार्ली घाटात धो-धो पाऊस असताना डांबरावर चारही चाकांना आपोआप जोर मिळतो, तो फायदा साध्या फोर-बाय-फोरला नाही. पण लो गिअर नाही. दीड लिटरच्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला सुमारे १३७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही वरच्या आरपीएमला. भरल्या गाडीनिशी तो चढ चढताना क्लच किंवा गिअरबॉक्सवर, आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर सगळा ताण येतो. असं कपलिंग चाकं बराच वेळ घसरत राहिली की तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटतं. एखाद्या चिखलाच्या पट्ट्यासाठी ते ठीक आहे, पण लांब, खड्या, चाकोरीच्या चढासाठी नाही.

तरीही ही गाडी यादीतून एकदम काढू नका. चढ नेमका किती लांब आहे? शंभर-सव्वाशे मीटर असेल तर वाडीतल्या चार घरांनी मिळून, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन, चाकांच्या दोन पट्ट्यांपुरतं काँक्रीट करता येतं का बघा. बाजूला पाण्याला गटार काढलं आणि वरच्या अंगाला एक आडवा चर दिला, तरी अर्धं दुखणं जातं. कोकणात अशा दोन पट्ट्यांच्या वाटा बऱ्याच वाड्यांत आहेत. यानं तुमच्या आईचीच नाही, वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची दवाखान्याची वाट सोपी होईल. ते काम होणार असेल, तर मी तुम्हाला डोळे झाकून हायरायडर किंवा ग्रँड व्हिटारा ऑल व्हील ड्राइव्ह घ्यायला सांगेन. उरलेलं वर्षभर तीच तुमच्या घराला जास्त सुख देईल. होणार नसेल तर पुढे वाचा.

जिमनीबद्दल मला मनापासून प्रेम आहे. लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी चेसी), पुढे-मागे अखंड एक्सल, लो गिअर सगळ्याच व्हेरिएंटमध्ये, आणि वजन साधारण बाराशे किलो. चिखलात वजनासारखा शत्रू नाही. जड गाड्या जिथं रुततात, तिथून जिमनी अलगद निघून जाते. इंजिन साधं, वर्षानुवर्षं तपासलेलं, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं. टिकाऊपणात तुमच्या यादीतल्या नवीन गाड्यांपैकी हीच पहिली. पण ती चार माणसांची गाडी आहे, कागदोपत्रीही आणि प्रत्यक्षातही. तुम्ही पाच आहात. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे दोन बॅगा ठेवल्या की संपली. आंब्याच्या पेट्या कुठं ठेवणार? तुम्ही दोघंच असता तर बाकीची यादी मी वाचलीही नसती.

जुनी फॉर्च्युनर. टोयोटाची ही डिझेल इंजिनं नीट सांभाळली तर तीन-चार लाख किलोमीटर सहज जातात, त्याबद्दल दुमत नाही. पण तुमच्या बजेटमध्ये मिळणारी गाडी काही वर्षं जुनी आणि बरीच पळालेली असेल. तिचे शॉकअप, बुश, ब्रेक डिस्क, टायर यांचा पहिल्या वर्षाचा खर्च वेगळा धरावा लागेल, आणि हे सुटे भाग स्वस्त नाहीत. शिवाय रस्त्यावर दिसणाऱ्या पुष्कळशा फॉर्च्युनर टू-व्हील ड्राइव्ह आहेत. बाहेरून फरक कळत नाही. आत फोर-बाय-फोरचं बटण आहे का ते बघा, गाडीखाली वाकून पुढच्या चाकांकडे प्रॉपेलर शाफ्ट जातो का ते बघा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं असल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. एनओसी, सर्व्हिसचा पूर्ण इतिहास आणि मीटरचं रीडिंग जुळत नसेल तर हात लावू नका. लांबी ४.८ मीटरच्या घरात, म्हणजे कोथरूडच्या जुन्या सोसायटीत रोज सकाळी कसरत. आणि ज्या आरामासाठी लोक ती घेतात तो हायवेवर मिळतो. खड्ड्यांच्या हळू रस्त्यावर ती मागे बसलेल्याला बऱ्यापैकी हलवते. तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही.

मग उरतात महिंद्राच्या रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन. स्कॉर्पिओ-एन २०२२ च्या जूनमध्ये आली, रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला. दोन्ही लॅडर फ्रेमच्या, दोन्हींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचा अखंड एक्सल, आणि दोन्हींत फोर-बाय-फोर फक्त डिझेललाच मिळतं. डिझेल इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे ताकदीत फारसा फरक नाही. रॉक्समध्ये ३३० ते ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे हायरायडरच्या अडीच पटींच्या आसपास, आणि तोही खालच्या आरपीएमला. क्रॅश टेस्टमध्ये दोघींना पाच तारे: स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपचे, रॉक्सला भारत एनकॅपचे. कोकणात महिंद्राचं डिझेल इंजिन उघडू शकणारा मिस्त्री प्रत्येक बाजारपेठेत सापडतो, कारण तिथं बोलेरो आणि स्कॉर्पिओ बऱ्याच आहेत. टिकाऊपणाचा विचार करताना लोक हे विसरतात. रात्री नऊ वाजता गाडी बंद पडली तर तुमच्या वाडीपासून तासाभरात कोण येऊ शकतं, हाही टिकाऊपणाच आहे.

फरक कुठं पडतो? रॉक्स ४.४३ मीटर लांब आणि १.८७ मीटर रुंद, स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब आणि १.९२ मीटर रुंद. कागदावर हा फरक छोटा वाटतो, पण वाडीच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) वळताना आणि सोसायटीच्या खांबाशेजारी गाडी लावताना तो रोज जाणवतो. रॉक्सचं नाक आखूड आणि वर उचललेलं, पुढचा चढकोन, म्हणजे बंपर न टेकता किती उभ्या काठावर चढता येतं तो कोन, ४१.७ अंश. पऱ्यातून बाहेर पडताना जिथं काठ एकदम उभा होतो, तिथं स्कॉर्पिओ-एनचा बंपर आधी टेकेल. रॉक्सची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिमी दिलेली आहे. डिकी खरोखर मोठी, आंब्याच्या पेट्या मावतात. स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी रांग उभी केली की डिकी नावापुरतीच उरते, आणि पाडली तरी सीट पूर्ण सपाट होत नाहीत. उलट रोजच्या रस्त्यावर स्कॉर्पिओ-एन जास्त शांत, जास्त स्थिर वाटते. रॉक्स हळू वेगात छोट्या खड्ड्यांवर डावी-उजवीकडे डोलते, मागे बसलेल्याला ते कळतं. मागचा दरवाजा दोन्हींचा बाजूला उघडतो, त्यामुळे मागे जागा सोडून पार्क करावं लागतं.

इथं निर्णय आईच्या हातात द्या. शोरूमला आईला घेऊन जा. मागच्या डाव्या दारानं त्यांना स्वतः चढू-उतरू दे, दोन-तीन वेळा. हात आधी कुठं जातो बघा, धरायला खांबावर मूठ आहे का, फुटस्टेपवर अख्खं पाऊल मावतं का. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, कारण एका वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन येतं, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत तो तसाच वाकलेला राहतो. म्हणून उतरणं नीट बघा. मग आईला मागे बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या, शोरूमपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, चांगल्या खोदलेल्या रस्त्यावर. विक्रेत्याला आधीच फोन करून सांगितलं तर तयार होतात. कोथरूड ते संगमेश्वर, कराड-चिपळूणमार्गे, अर्धा दिवस त्याच सीटवर जाणार आहे. आईला स्कॉर्पिओ-एनमध्ये स्पष्ट फरक जाणवला, तर ती घ्या, पऱ्याचा काठ फावड्यानं थोडा उतरता करून घेता येईल. फरक जाणवला नाही, तर माझं मत रॉक्सच्या बाजूनं: डिझेल, फोर-बाय-फोर, ऑटोमॅटिक. २५ लाखांत सर्वांत वरचा व्हेरिएंट बसेलच असं नाही. सनरूफ आणि मोठ्या चाकांसाठी खेचाखेच करू नका. अशा रस्त्याला लहान रिम आणि जाड टायर कधीही चांगला, जांभ्याच्या धारेवर रिम वाचते. कोटेशन घेताना हेही लक्षात असू द्या की महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त बसतो.

ऑटोमॅटिक का, हे विचाराल. हिंजवडीसाठी तर हवंच, पण चढावरही. ओल्या चढावर अर्ध्यात थांबून पुन्हा निघावं लागलं की नवखा चालक क्लच अर्धा दाबून धरतो. क्लचचा जळका वास येऊन गाडी टो करून आणावी लागली, अशी कामं माझ्याकडे पावसाळ्यात नेमानं येतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये ती भीती नाही. फक्त उतरताना गिअर हातानं पहिल्यावर ठेवायचा, गाडीवर सोडायचा नाही.

डिझेलची एक अट आहे, आणि ती तुमच्या रोजच्या वापराशी भिडते. बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला सायलेन्सर बराच वेळ तापलेला लागतो. कोथरूड-हिंजवडीच्या थांबत-चालत गर्दीत ते होत नाही, काजळी साठत जाते आणि एक दिवस दिवा लागतो. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर सातारा रस्त्यानं किंवा लोणावळ्याकडे अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगात गाडी पळवून आणा. दिवा लागलाच तर त्याच दिवशी पळवा, पुढच्या रविवारची वाट पाहू नका. डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर ती रिकामी होऊ देऊ नका, ती संपली की गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होणार नाही.

आता फोर-बाय-फोर वापरायचं कसं. या दोन्ही गाड्यांतलं फोर-बाय-फोर चिखल-मातीपुरतं आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल त्यात नाही. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत टायर थोडा घसरून तो फरक सोडवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी उचक्या देते. तशीच चालवत राहिलात तर क्रॉस तुटतो, किंवा ट्रान्सफर केसची चेन ताणते. म्हणून डांबरावर टू हाय (दोनच चाकांना जोर, साधे गिअर), कच्चा रस्ता लागला की फोर हाय (चारही चाकांना जोर, साधे गिअर), आणि चढाच्या खाली पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर लो. अर्ध्या चढावर बदलायला जाऊ नका. याउलट चूकही तेवढीच पाहतो: वर्षभर फोर-बाय-फोर लावतच नाहीत. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर चालवा, म्हणजे ऑइल फिरतं आणि यंत्रणा अडकत नाही.

पऱ्याबद्दल कडक सांगतो. ६५० मिमी हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे, वाहत्या पाण्याचा नाही. आधी काठी घेऊन पायी उतरा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा पायाला ओढ लागत असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर गाडी घालायची नाही. पाऊस ओसरल्यावर पऱ्याचं पाणी उतरतं, तेवढी वाट बघा. जायचंच असेल तर फोर लो, पहिला-दुसरा गिअर, एकसारखा सावकाश वेग, मध्ये थांबायचं नाही. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, म्हणून इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम पहिल्या दिवसापासून घ्या.

पाण्यातून गेल्यावर काय होतं ते गॅरेजमध्ये या म्हणजे दाखवीन. डिफरन्शियलचं हौजिंग तापलेलं असतं, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही कळत नाही. पुढच्या सर्व्हिसला नट काढला की तपकिरी ऑइलच्या जागी दुधाळ, चहासारखं पातळ ऑइल येतं. ते तसंच राहिलं तर बेअरिंग गंजतात, आधी घोंघावल्यासारखा आवाज येतो, मग खर्च येतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासून घ्या, ब्रीदरच्या नळ्या मोकळ्या आहेत का बघा, शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसचे निप्पल असतील तर ग्रीस मारून घ्या. चेसीच्या आतला चिखल साध्या पाण्यानं धुवून काढा. गुहागरला गेलात की कुणी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालायचा आग्रह करेल. ऐकू नका. भरती येते तेव्हा क्रेनही खाली उतरत नाही, आणि खाऱ्या पाण्याचा गंज सांध्यांत राहतो. तसंच वाट सोडून सड्यावर (जांभ्याच्या माळावर) आणि बांधांवर गाडी फिरवू नका, पावसाळ्यात तिथं जे उगवतं त्यावर एकदा चाक गेलं की तो पट्टा वर्षानुवर्षं भरून येत नाही.

टायरवर पैसे खर्च करा. कंपनीचे टायर रस्त्याकडे झुकणारे असतील तर ते झिजल्यावर त्याच मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींसाठीचे) टाका. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) नकोत. चिखलात छान दिसतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो आणि एक्सप्रेसवेवर आवाजानं डोकं उठतं, आणि तुमचा बहुतेक प्रवास डांबरावरच आहे. कच्चा रस्ता सुरू होताना हवा ३२-३३ पीएसआयवरून वीसच्या आसपास उतरवा. टायर पसरतो, पकड वाढते, आणि दगडांवरचे धक्केही मऊ होतात, आईला फरक लगेच कळेल. परत डांबरावर आल्यावर भरायला बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. मोठ्या मापाचे टायर, बॉडी उचलणारे किट, लोखंडी बुलबार यांतलं काही लावू नका. बुलबारला २०१७ पासून केंद्राची मनाई आहे, ते एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतात आणि पायी चालणाऱ्याचा जीव घेतात. त्यापेक्षा ओढायचा एक चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि एक फावडं घ्या. फावड्यानं चाकोरीची कड थोडी उतरवली तर बहुतेक वेळा पट्टा बाहेर काढावाच लागत नाही.

एक राहिलं. डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाच्या आधी शोरूमच्या मागच्या मातीच्या जागेत गाडी न्या आणि फोर हाय, फोर लो, डिफरन्शियल लॉक, उतारावरचा कंट्रोल हे सगळं स्वतः लावून बघा. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत न राहता स्थिर झाला पाहिजे. गाडीखाली वाकून ऑइलचा थेंब कुठं दिसतो का बघा, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, जॅक या उंचीच्या गाडीला पुरतो का, चाकाचा पाना नटाला बसतो का, हे करून बघा. विक्रेत्याला घाई असते, तुम्ही करू नका. काही चुकत असेल तर सही करायच्या आधी लेखी घ्या.